टॉवेल खुंटीवर टांगला, पुढे काय? : हॉटेलातल्या एका कार्डाची चिकित्सा

गेल्या वर्षी एका कॉन्फरन्सला पोस्टर घेऊन केपटाऊनला गेले होते. आयोजकांनी सवलतीत ठरवून दिलेलं हॉटेल शहराच्या अगदी मध्यात होतं, फोरशोअर भागात, कन्व्हेन्शन सेंटरपासून चालत पाच मिनिटांवर. ट्रॅव्हल ग्रँट होती म्हणून, नाहीतर अशा हॉटेलच्या लॉबीतही मी कधी शिरले नसते. पलंगावर सहा उशा, खिडकीतून टेबल माउंटन, नाश्त्याला लॅपटॉप उघडून बसलेले सूटवाले लोक. आणि बाथरूममध्ये आरशाशेजारी एक छोटं हिरवं कार्ड. मजकूर साधारण असा : पाणी मौल्यवान आहे, टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर टांगून ठेवा, बदलून हवा असेल तर खाली टाका.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, हॉटेल कसं होतं? या पोस्टमध्ये त्याचंच उत्तर देतेय, पण त्या कार्डापुरतं. कारण या एका कार्डावर खरोखरचं, चांगल्या जर्नलमध्ये छापून आलेलं संशोधन झालंय. आणि मी बोईसरची. आमच्या घराचं घड्याळ नळाला पाणी यायच्या वेळेवर चालतं. माझी पीएचडी रंग-कारखान्यांच्या सांडपाण्यातून रंगाचे रेणू कसे वेगळे काढायचे यावर आहे. त्यामुळे पाण्याबद्दल कोणी उपदेश केला की मी आधी विचारते, किती लिटर?

आधी संशोधन काय म्हणतं ते

या विषयातला सगळ्यात गाजलेला पेपर २००८ चा, 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मधला. लेखक नोआ गोल्डस्टाईन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशस. अमेरिकेतल्या एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात त्यांनी खोल्यांमध्ये वेगवेगळ्या मजकुराची कार्डं ठेवली. काही खोल्यांत नेहमीचं 'पर्यावरण वाचवा' होतं, तर काहींत 'या हॉटेलातले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, तुम्हीही वापरा'. पाहुण्यांना प्रयोगाचा पत्ता नव्हता. पहिल्या कार्डाला ३५.१ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, दुसऱ्याला ४४.१ टक्के. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिलं, तर आकडा ४९.३ वर गेला. म्हणजे माणूस पृथ्वीसाठी जेवढं करत नाही, तेवढं 'शेजारचा करतो' म्हणून करतो. आपल्याकडे सोसायटीत एकाने रांगोळी काढली की मजलाभर रांगोळ्या निघतात, तसंच.

पण विज्ञानात एका पेपरवर गोष्ट संपत नाही. २०१४ मध्ये गेर्ड बोहनर आणि लेना श्ल्यूटर यांनी हाच प्रयोग जर्मनीतल्या दोन हॉटेलांत केला. तिथे टॉवेल पुन्हा वापरणारे मुळातच जास्त होते, आणि 'इतर पाहुणेही करतात' हे वाक्य साध्या वाक्यापेक्षा सरस ठरलं नाही. मग २०१६ मध्ये शाइबेहेनं, जमील आणि वागनमाकर्स यांनी असे सात प्रयोग बेझियन पद्धतीने एकत्र मांडले आणि दाखवलं की सगळा पुरावा एकत्र केला तर परिणाम आहे. सुटे सुटे प्रयोग विसंगत दिसले तरी बेरीज एका बाजूला झुकते.

तर पहिली गोष्ट मान्य करून टाकते : कार्डावरच्या शब्दांनी माणसाचं वागणं बदलतं. हे थोतांड नाही.

आता माझा प्रयोग

पहिल्या रात्री जेट लॅगमुळे झोप येत नव्हती. खोलीत चहाची किटली होती, त्यावर एक लिटरची खूण. ती शॉवरखाली धरली आणि मोबाईलवर सेकंद मोजले. तीनदा केलं. सरासरी सात सेकंद. म्हणजे मिनिटाला साडेआठ लिटर. सकाळी मी सहा मिनिटं अंघोळ केली, म्हणजे ५१ लिटर.

केपटाऊनमध्ये या आकड्याला इतिहास आहे. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला. थेवॉटर्सक्लूफ हे तिथलं सगळ्यात मोठं धरण २०१८ च्या सुरुवातीला पंधरा टक्क्यांच्याही खाली गेलं. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. अंघोळ, स्वयंपाक, संडास, कपडे, सगळं त्यातच. 'डे झिरो' आला असता तर घरचे नळ बंद होऊन शहरभरातल्या सुमारे दोनशे ठिकाणी रांग लावून माणशी २५ लिटर मिळणार होते. तो दिवस आला नाही. लोकांनी वापर आवरला आणि जूनमध्ये पाऊस झाला. त्या दिवसांत तिथल्या हॉटेलांनी बाथटबची बुचं काढून घेतली होती, शॉवर दोन मिनिटांत आटपा असं पाहुण्यांना सांगितलं होतं. माझ्या खोलीतल्या टबाला बूच होतं. आणि त्या शहराची दिवसभराची मर्यादा मी ब्रेकफास्टच्या आधीच संपवली होती.

आता टॉवेल. मोठा टॉवेल साधारण ६०० ग्रॅमचा. धुलाईच्या जुन्या पद्धतीच्या मशिनला किलोमागे वीसेक लिटर पाणी धरा (नव्या मोठ्या मशिनला बरंच कमी लागतं). म्हणजे एक टॉवेल न धुतल्याने फार तर १२ लिटर वाचले. माझ्या शॉवरचं दीड मिनिट. गोल्डस्टाईनच्या कार्डाने नऊ टक्क्यांचा फरक पडला, म्हणजे शंभर पाहुण्यांमागे नऊ जण वाढले. प्रत्येकी एक टॉवेल धरला तर १०८ लिटर, माझ्या दोन अंघोळी. विजेची आणि साबणाची बचत होते ती वेगळी, ती नाकारत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबाप्रमाणे हॉटेलच्या एकूण पाण्यात धुलाईचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यात चादरी आल्या, टेबलक्लॉथ आले, गणवेश आले. उरलेले पाच हिस्से बाथरूम, किचन, एसी आणि बागेत जातात. त्यांच्याबद्दल आरशाशेजारी एकही कार्ड नव्हतं.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. या संशोधनाने जे मोजायला सोपं ते मोजलं. टॉवेल टांगलाय की खाली पडलाय, हे बघितलं की कळतं. पाहुण्याने शॉवर किती मिनिटं चालू ठेवला हे कळायला मीटर लागतो. मग पुढे पंधरा वर्षं चर्चा टॉवेलचीच होत राहिली. आम्हा प्रयोगशाळेतल्यांनाही हा रोग आहे. मी ज्या रंगावर काम करते तो निवडण्याचं एक कारण असं की तो स्पेक्ट्रोमीटरवर झकास दिसतो. कारखान्यातून येणाऱ्या सांडपाण्यात त्याच्याबरोबर मीठ असतं, धातू असतात, इतर पन्नास भानगडी असतात. त्या माझ्या बीकरमध्ये नसतात.

टॉवेल कोण बदलतं?

चार रात्री राहिले, म्हणजे तीन सकाळी खोली आवरली गेली. तिन्ही दिवस टॉवेल नीट टांगून ठेवला. दोनदा तो बदललेला मिळाला. तिसऱ्या दिवशी हाऊसकीपिंगच्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या, त्यांना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, टॉवेल ओला दिसला, चुरगळलेला दिसला तर सुपरवायझर मलाच बोलतो. बदलून टाकला की कोणी बोलत नाही. शिफ्टमध्ये इतक्या खोल्या असतात की कार्ड बिर्ड वाचत बसायला वेळ कुठे?

एका हॉटेलचा, तीन दिवसांचा अनुभव, त्यावरून सिद्धांत मांडणार नाही. पण हे ऐकल्यावर २००८ चा पेपर पुन्हा वाचला. तिथे खोल्यांमधली नोंद हाऊसकीपिंगच्या कर्मचाऱ्यांनीच केली होती, त्यासाठी त्यांना शिकवलं होतं. सगळा डेटा त्यांच्या हातून आला. तरी पेपरमधला प्रश्न एकच : पाहुणा काय करेल? खोली आवरणाऱ्या बाईला टॉवेल तसाच ठेवायची मुभा आहे का, हा प्रश्न कोणी प्रयोगात घातला नाही.

मोठा आकडा, आणि त्यातली फट

केपटाऊनचंच आणखी एक संशोधन आहे, माझ्या मते जास्त महत्त्वाचं. २०२३ मध्ये एलिसा सावेली आणि सहकाऱ्यांनी 'नेचर सस्टेनॅबिलिटी'मध्ये छापलेलं. त्यांनी शहरातल्या घरांचे उत्पन्नाप्रमाणे गट पाडले आणि पाणी कुठे जातं त्याचं मॉडेल केलं. सगळ्यात श्रीमंत घर दिवसाला २,१६१ लिटर वापरतं, कमी उत्पन्नाचं घर १७८. वरचे दोन गट मिळून लोकसंख्येच्या १४ टक्क्यांच्या आसपास, पण घरगुती पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा, कारण स्विमिंग पूल, बागा, गाड्या धुणं.

हे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा दोन गोष्टी गळून पडतात. एक, हे आकडे प्रत्येक घराच्या मीटरवरून घेतलेले नाहीत, मॉडेलमधून आलेले आहेत. मॉडेल चांगलं आहे, पण ते मॉडेल आहे. दोन, हिशोब फक्त घरांचा आहे. मी चार रात्री त्या शहराचं पाणी वापरलं, पण मी त्यातल्या कुठल्याच गटात येत नाही. हॉटेलातला पाहुणा आकड्यांच्या फटीतून सटकतो. आणि मग त्याच्या वाट्याला येतं ते एक हिरवं कार्ड.

तरीही या पेपरने योग्य प्रश्न विचारलाय : पाणी कमी आहे, पण कोणासाठी?

आता घरी या

केपटाऊनला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या पालघर जिल्ह्यात दोन हजारांच्या वर. तरी एप्रिल-मे आला की मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. त्याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर देणारं. सूर्या प्रकल्प आपल्या आदिवासी तालुक्यांच्या शेतीसाठी म्हणून बांधला. आता त्याच सूर्येचं पाणी वसई-विरारला जातं, आणि मीरा-भाईंदर धरून ४०३ दशलक्ष लिटरची योजना वेगळी.

आणि पाणी वापरून झाल्यावरची गोष्ट तर तारापूर एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. सांडपाणी प्रक्रिया केंद्र, मग पाइपलाइन, मग नवापूरचा समुद्र. त्या पाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादात जावं लागलं. मासेमारी करणाऱ्यांच्या बाथरूममध्ये कोणी कार्ड लावलेलं नव्हतं, तरी बिल त्यांनाच आलं.

केपटाऊनहून परतल्यावर महिन्याभराने एका नातेवाइकांच्या साखरपुड्याला बोईसरमधल्या एका हॉटेलात गेलो. कारखान्यांत कामासाठी येणारे इंजिनियर, ऑडिटर उतरतात तसं बिझनेस हॉटेल. आईला साडी बदलायला खोली दिली होती. बाथरूममध्ये आरशाशेजारी हिरवं कार्ड. इंग्रजी जवळजवळ तेच. खाली चित्र होतं हिमाच्छादित डोंगराचं. बोईसरमध्ये! आई म्हणाली, "आपल्याकडे नळ जातो तेव्हा यांच्याकडे टँकर येतो, तो कुठून येतो ते लिहिलंय का त्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं. आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे, आईने एका वाक्यात सांगितली. १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरण अभ्यासकाने हॉटेलच्या अशाच टॉवेल-कार्डांवर टीका करताना 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द काढला. हे कार्ड जगभर सारखंच असतं, कारण त्यात ठिकाण नसतं. 'पृथ्वी' असते. धरणाचं नाव नसतं, लिटर नसतात, पाणी कोणाच्या वाट्याचं ते नसतं.

कार्ड फेकून द्या असं मी म्हणत नाही. शब्दांनी फरक पडतो हे संशोधनाने दाखवलंय, मग योग्य शब्द लिहा. माझ्या मते तीन ओळी पुरतील : या हॉटेलात एका खोलीला रोज सरासरी इतके लिटर लागतात. हे पाणी अमुक धरणातून येतं. आणि टांगलेला टॉवेल तसाच ठेवल्याबद्दल आमच्या कर्मचाऱ्यांना कोणी बोलणार नाही. खोलीमागे पाणी कसं मोजायचं याची हॉटेल उद्योगाने ठरवलेली पद्धत २०१६ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे 'मोजता येत नाही' हे कारण चालणार नाही.

निघताना मी रिसेप्शनवर पहिला प्रश्न विचारला होता, खोलीमागे किती लिटर? तिथल्या मुलाने नम्रपणे ईमेल लिहून घेतला. दोन दिवसांनी मेल आला. त्यात विचारलं होतं, आमच्यासोबतचा तुमचा अनुभव दहापैकी किती?

मी सात दिले. उशा खरंच चांगल्या होत्या. खाली अभिप्रायाच्या चौकटीत पुन्हा तोच प्रश्न टाकला. उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलात उतरलात, मुंबईत, नाशिकला, कुठेही, तर किटली शॉवरखाली धरून बघा. सात सेकंदांचं काम आहे. आणि खाली जाऊन विचारा, हे पाणी कुठल्या धरणाचं?