'हॅम्लेट'मधील 'ग्रीन' : एका विशेषणाचा अर्थ आणि उपयोजन

'ग्रीन' या इंग्रजी विशेषणाला 'हिरवा' हा मराठी पर्याय सहज सुचतो. परंतु इंग्रजीत 'वाढणे' व 'गवत' या अर्थाच्या शब्दांशी त्याचे मुळातच नाते असल्याने ताजेपणा, कोवळेपणा व अपरिपक्वता हे अर्थही त्याला लाभले आहेत. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील त्याच्या उपयोजनाचा विचार येथे अभिप्रेत आहे.

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजा क्लॉडियस भावाच्या मृत्यूच्या स्मृतीला हे विशेषण लावतो. तेथे अर्थ 'ताजी' असा होतो. लगेच तिसऱ्या प्रवेशात पोलोनियस तेच विशेषण आपल्या मुलीला, ऑफेलियाला लावतो. हॅम्लेटच्या प्रेमावर विश्वास ठेवणारी ती त्याच्या लेखी कच्ची ठरते.

चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशापर्यंत पोलोनियस मारला गेलेला आहे. भ्रमिष्ट ऑफेलिया मृताच्या उशाशी असलेल्या हिरवळीचे गाणे गाते. शब्द रंगाकडे परततो, पण तो रंग थडग्यावरचा असतो. याच प्रवेशात, पोलोनियसला गुपचूप पुरण्यात आपला अविचार झाला हे सांगताना क्लॉडियस याच विशेषणापासून बनलेले क्रियाविशेषण योजतो. मुलीला कच्ची म्हणणाऱ्या मुत्सद्द्याच्या दफनातच मुरब्बी राजाचा कच्चेपणा उघड होतो. अपरिपक्वतेचा ठपका असा मुलीवरून राज्यकर्त्यावर सरकतो.

१८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून हे नाटक मराठीत परिचित आहे. मराठीत आणताना स्मृती 'ताजी', मुलगी 'अजाण', गवत 'हिरवे' आणि कृती 'अविचारी' असे चार शब्द योजले, तर प्रत्येक शब्द आपापल्या जागी योग्य ठरतो. मात्र चारही प्रसंगांना जोडणारा धागा तुटतो. सर्वत्र 'हिरवा' योजणेही शक्य नाही. 'हिरवी मुलगी' मराठीत अर्थहीन आहे आणि 'हिरवट' या शब्दाला चावटपणाची छटा आहे, जी ऑफेलियाच्या निरागसतेच्या नेमकी विरुद्ध जाते. 'कोवळी' हा शब्द मात्र मुलगी व हिरवळ या दोहोंना शोभतो. त्यामुळे निदान बाप-लेकीतील दुवा तरी राखता येईल.

वर्गात कठीण शब्दाचा पर्याय सांगून आपण पुढे जातो, तेव्हा त्या ओळीचा अर्थ विद्यार्थ्याला कळतो. नाटकाचा अर्थ मात्र निसटण्याची शक्यता राहते. विशेषणाचा अर्थ शब्दकोश सुचवतो, परंतु ते कोणी, कोणासाठी व केव्हा वापरले यावरून तो निश्चित होतो. म्हणून पर्यायासोबत शब्दाची पुनरावृत्तीही शिकवली जाणे आवश्यक आहे.