हातांची छायाचित्रे आणि व्यक्तीची ओळख : सेवाग्राममधील एका चित्रासंबंधी

चेहऱ्यावाचून व्यक्तीची ओळख पटते काय, या प्रश्नाची दोन उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत रूढ झाली. पहिले कचेरीचे. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला; १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे स्वतंत्र कार्यालयच निघाले. रेषा कोणाच्या एवढे ठरले की कचेरीचे काम संपते. दुसरे उत्तर कलावंतांचे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने जॉर्जिया ओकीफच्या हातांची जी अनेक छायाचित्रे घेतली, त्यांत हात हे बहुधा शिल्पाप्रमाणे मांडलेले आहेत. टीना मोडोटीने १९२७ साली मेक्सिकोत फावड्याच्या दांड्यावर विसावलेले मजुराचे हात टिपले. ते चित्र थोर खरे, पण त्यातील मजूर हा वर्गाचा प्रतिनिधी. त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात कनू गांधी (१९१७–१९८६) यांनी जी छायाचित्रे घेतली ती या दोन्ही उत्तरांत बसत नाहीत. महात्माजींच्या या चुलत-नातवाला घनश्यामदास बिर्ला यांनी कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलायफ्लेक्स व फिल्म आली. महात्माजींच्या अटी तीन होत्या : प्रकाशाचा झोत वापरावयाचा नाही, कोणालाही छायाचित्रासाठी थांबण्यास सांगावयाचे नाही, आणि आश्रमाचा पैसा यावर खर्च होणार नाही. या अटींचा उल्लेख बहुधा महात्माजींच्या साधेपणाचा दाखला म्हणून केला जातो. त्यांचा कलादृष्ट्या परिणाम मात्र फारसा तपासला गेलेला नाही.

रोलायफ्लेक्स डोळ्यापाशी नव्हे, तर छातीपोटाशी धरून वरून त्यात पाहावयाचे असते. साहजिकच चित्राचा दृष्टिबिंदू खाली उतरतो आणि बसून काम करणाऱ्या माणसाचे हात चौकटीच्या मध्याकडे सरकतात. शिवाय थांबण्यास सांगता येत नसल्याने हात कामातच टिपावे लागतात. चरख्यापुढील उजवा हात चाक फिरवितो, डावा पेळूतून सूत ओढतो. दोघांची कामे भिन्न, पण लय एक. ज्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणाचे माध्यम मानले, त्याच परिसरात हे चित्रण झाले, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

या दृष्टीने १९४० च्या सुमाराचे एक चित्र विशेष विचारात घेण्याजोगे आहे. महात्माजी परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा करीत आहेत. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात दोघांचा संबंध आला होता. कुष्ठरोग जडल्यावर १९३९ साली ते सेवाग्रामी आले व महात्माजींनी त्यांना ठेवून घेतले. चित्रात महात्माजींचे लक्ष संपूर्णपणे आपल्या हाताखालच्या अंगावर आहे. कॅमेऱ्याची जाणीव कोठेही नाही.

कुष्ठरोगात कोपराजवळील मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वळतात. संवेदना गेल्यामुळे भाजणे-कापणे उमगत नाही, जखमा चिघळतात, बोटे झिजत जातात. म्हणूनच वैद्यकीय टिपणांतील छायाचित्रांत असा हात एकटाच, पालथा किंवा उताणा, चेहऱ्यावाचून दिसतो. उपचारासाठी ते आवश्यकच आहे. परंतु ज्याची बोटे झिजली त्याला कचेरीचा ठसाही नाकारतो. आज बोटांच्या ठशांवर ओळख पटविली जात असताना हा प्रश्न जुना झालेला नाही. सेवाग्रामच्या चित्रातील ओळख रेषांवर अवलंबून नाही. एक शरीर दुसऱ्याला स्पर्श करते, यावर ती उभी आहे. ज्या काळी या रोग्याचा स्पर्श सर्वत्र टाळला जाई, त्या काळी स्पर्श होणे हीच मनुष्य म्हणून मिळालेली ओळख होती.

येथे एक आक्षेप मात्र घ्यावाच लागतो. या चित्रात कर्ते हात एकाचेच आहेत. शास्त्रीबुवा केवळ सेवेचे निमित्त होतात. ज्या हातांनी त्यांनी पोथ्यांची पाने उलटली, त्यांची या चित्रात काहीच नोंद नाही. ‘गांधीजी कुष्ठरोग्याची सेवा करताना’ अशा शब्दांत चित्राचा पुष्कळदा होणारा उल्लेख तर उरलेली ओळखही पुसतो. पंडिताचे नाव जाऊन रोगाचे नाव राहते. दोष सर्वस्वी छायाचित्रकाराचा नव्हे. ज्याने आश्रमाचा नायकच पाहावयास घेतला होता, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा अवघड. पण मोडोटीच्या मजुराला नाव मिळालेच नव्हते. शास्त्रीबुवांना होते, आणि ते चित्राच्या ओळीत महात्माजींच्या नावाइतक्याच ठळकपणे छापण्यास कोणतीही अडचण नव्हती.