अंतर्कर्णदाह आणि पेशी-आसंजन रेणू : एक चिकित्सा
अंतर्कर्ण रोगप्रतिकारक्रियेपासून अलिप्त असतो, असे दीर्घकाळ मानले गेले. सुझुकी व हॅरिस यांनी १९९५ मध्ये अंतर्कर्णदाहात आयकॅम-१ हा आसंजन रेणू प्रकट होत असल्याचे दाखविले. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील या रेणूला चिकटून श्वेतपेशी ऊतींत शिरतात. २००६ मध्ये टोर्नाबीन व सहकाऱ्यांना तीव्र आवाजानंतर उंदरांतही त्याची वाढ आढळली. तथापि रेणू आढळणे म्हणजे त्यानेच इजा करणे नव्हे. आलेल्या भक्षकपेशी मृत पेशींचा निचराही करतात. शिवाय जिवंत माणसाच्या कोक्लियाचा ऊतीनमुना घेता येत नाही. त्यामुळे कासार आंबोली-पिरंगुट पट्ट्यात यंत्राशेजारी उभ्या असणाऱ्या कामगाराच्या श्रवणऱ्हासाला हा निष्कर्ष थेट लावणे घाईचे ठरेल. आयकॅम-१ रोखल्याने त्याचा कान वाचेल की दुरुस्तीच खोळंबेल, याचे उत्तर या प्राणिप्रयोगांत नाही.