भरीला घातलेलं पीठ

तैवानच्या रात्रबाजारात ओ-आ-चिएन, म्हणजे कालवांचं आमलेट, बघावं ते तव्यावर. ताटलीत येईतो त्याचं निम्मं नाट्य झाकून गेलेलं असतं. मोठ्या सपाट लोखंडी तव्यावर आधी डुकराची चरबी किंवा तेल, त्यात मूठभर बारीक कालवं. ती चरचरली की वरून रताळ्याच्या स्टार्चचा पातळ घोळ. ओतताना दुधाळ दिसणारा हा घोळ शिजत गेला की साबुदाण्यासारखा काचेरी होतो. मग अंडं फोडायचं, वर पालेभाजी पसरायची आणि सगळं एकदम उलटायचं. शेवटी लालसर, गोड-तिखट दाट सॉस, तोही हात आखडता न घेता.

पहिल्यांदा खाणारा कालवं शोधतो, अंडं ओळखतो आणि मधला बुळबुळीत भाग पोट भरायला घातलेली भर समजून सोडून देतो. माझ्या मते हा पदार्थ मुळात त्या पिठाचाच आहे. कडेला कुरकुरीत, मध्ये लवचीक, दाताला जरा दाद न देता मग सुटणारं. त्याला स्वतःची चव जवळजवळ नाही, म्हणूनच कालवांचं खारट पाणी ते धरून ठेवतं. नुसत्या अंड्यात कालवाची चव एका घासात संपली असती. पीठ ती पुढच्या तीन घासांत नेतं. सॉसचा गोडवा मात्र मला थोडा आगाऊ वाटतो. पण तो वगळला तर ताटली तैवानची राहत नाही, हेही खरं.

दंतकथा अशी की, 1661 साली चिनी सेनापती झेंग चेंगगोंग ऊर्फ कोक्सिंगाने ताइनानजवळच्या डचांच्या झीलँडिया किल्ल्याला वेढा घातला. डचांनी धान्य दडवलं, तेव्हा कोक्सिंगाच्या उपाशी सैनिकांनी कालवं आणि रताळ्याचं पीठ कालवून भाजून खाल्लं. सामुद्रधुनीपलीकडे चीनच्या फूज्येनमध्ये याचीच भावंडं पिढ्यान्‌पिढ्या शिजतात, त्यामुळे या कथेवर फार भार टाकू नये. पण तांदूळ परवडत नाही तिथे रताळं कामी येतं, एवढं तिच्यात नक्की पटतं. किल्ला 1662 मध्ये पडला. ताइनानच्या आनपिंग भागात त्याच्या जुन्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. त्याच्या विटा साखरेचं पाणी, चिकट तांदूळ आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना यांनी जोडल्याचं सांगतात. म्हणजे मांस तव्यावर आणि शिंपले भिंतीत!

ही भिंत बघून तिथल्याच एखाद्या दुकानात बसावं. आनपिंगला कालवं जवळच्याच किनाऱ्यावरची. ताइपेत असाल तर निंगशिया रात्रबाजार गाठावा. तिथल्या ‘युआनह्वान-प्येन’ या दुकानाचं नाव मिशेलिनच्या बिब गुर्मां यादीत आल्यापासून रांग ठरलेलीच. कालवांसाठी नावाजलेला च्याई जिल्ह्यातला दोंगशीचा किनारा, तिथे ती खाडीत बांबूंच्या मांडवांवर वाढतात.

कधी जावं, हा प्रश्न जरा अवघड आहे. कालवं उन्हाळ्याच्या सुमारास भरदार होतात, तर या पदार्थाला शोभणारी, किंचित कडसर, सुवासिक शेवंतीची भाजी हिवाळ्यात येते. उन्हाळ्यात तिच्या जागी साधी कोवळी पालेभाजी असते. मी कालवांच्या बाजूने मत देईन. आणि ताटली समोर आल्यावर फोटोत वेळ घालवू नये; गार झालं की ते पीठ गोळा होऊन बसतं.