हिरव्या नगराचे गावकूस

शासनाची योजना हीसुद्धा एक संहिताच असते. कथा-कवितेप्रमाणे तीही वाचावी लागते. तिच्यात बोलतो कोण, कोणासाठी बोलतो आणि पानाबाहेर कोणाला उभे करतो, हे तपासावे लागते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये जाहीर केलेला ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ असा वाचला पाहिजे. 2050 पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हरितीकरण व जैवविविधता, हवेची गुणवत्ता, पूर व जलव्यवस्थापन ही त्याची सहा प्रकरणे. पुराचा आणि उष्म्याचा फटका झोपडवस्त्यांना अधिक बसतो हे आराखडा मान्य करतो. त्याचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या सहा मथळ्यांत श्रम नाही, निवारा नाही. कचऱ्याला मथळा आहे, कचरा उचलणाऱ्याला नाही. ही केवळ मांडणीतली उणीव नव्हे. मुंबईचे सफाई कामगार बहुसंख्येने दलित आहेत, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. कंत्राटी म्हणून राबविलेल्या सुमारे 2,700 सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले आणि 2017 मध्ये त्यांना न्याय मिळाला. गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये द्यावेत असे याच न्यायालयाने मार्च 2014 मध्ये सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा पहिला कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. कायदे दोन झाले तरी मृत्यूची भरपाई वाढवावीच लागते. याचा अर्थ काय? शहर स्वच्छ राहते ते यंत्रामुळे नव्हे, जातीमुळे. मग कार्बन मोजणाऱ्या आराखड्याने जात का मोजू नये?

देवनारचेच पाहा. 1927 पासून मुंबईचा कचरा तेथे पडतो आहे. जानेवारी 2016 च्या अखेरीस तेथे आग लागली, धूर शहरावर पसरला, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कोठे देवनार ही ‘मुंबईची समस्या’ झाली. तोवर ती केवळ गोवंडी-मानखुर्दची होती. हा भाग ज्यात येतो तो एम-पूर्व विभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात अगदी तळाशी होता. गावाने मेलेले ढोर ओढून न्यायला आपल्याला लावले आणि वस्ती गावकुसाबाहेर ठेवली. महानगराने कूस पाडले नाही, सरकवले एवढेच. आता याच कचराभूमीपैकी सुमारे 124 एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे राज्य सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये ठरविले.

माहुलची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये म्हटले. तरी 2017 मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तेथील कुटुंबांना त्याच माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, नेऊन बसविले. जलवाहिनीलगतच्या जागेवर मुलुंड ते शीव असा 39 किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला. अखेर 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या लोकांना इतरत्र घर द्या, नाहीतर दरमहा 15,000 रुपये भाडे द्या. एका बाजूला शुद्ध हवेचा सायकलमार्ग, दुसऱ्या बाजूला विषारी हवेतली सदनिका. आणि दोन्ही एकाच प्रशासनाची निर्मिती. पर्यावरण हा शब्द येथे कोणाचे रक्षण करतो, हे वेगळे सांगायला नको.

‘गोलपिठा’ 1972 मध्ये आला, ‘बलुतं’ 1978 मध्ये. प्रस्थापित समीक्षेने त्यांतली घाण, गटारे आणि खुराडी पाहून नाक मुरडले, भाषेच्या सभ्यतेची चर्चा केली. वास्तविक नगरशासनाचा तो सर्वांत प्रामाणिक अहवाल होता. नगररचनाकाराने तो वाचला नाही, आणि आपणही तो तसा वाचायला शिकविला नाही.

कारण पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद आहे अशी समजूत आपल्याकडेही रुजली आहे. ती टाकली पाहिजे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. पाणी निसर्गाचे, तळे सार्वजनिक आणि पहारा जातीचा: नगर आणि निसर्ग यांच्या कारभाराचा मूळ प्रश्न तेव्हाच मांडला गेला. निसर्गसंपत्तीवर समान हक्क मागणारा तो लढा आपला आहे. पर्यावरणाचा विचार आपल्याला उसना आणावा लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या शहराचा आराखडा हाती घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. शहराची घाण कोण उचलतो व कोणत्या वेतनावर? ती कोणाच्या दारात पडते? नदी, जंगल, जलवाहिनी वाचविण्यासाठी ज्यांना उठविले, त्यांना कोठे बसविले? ज्या आराखड्यात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तो कितीही हिरवा असला तरी त्याला गावकूस आहे.