पांढऱ्याखालचा मासा

बर्फावरच्या मासेमारीचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की पुढचे वीस आपोआप समोर येतात. मांडणी ठरलेली असते. कॅनडा, मिनेसोटा किंवा फिनलंडमधलं गोठलेलं तळं. मोठ्या गिरमिटानं बर्फाला पाडलेलं भोक. त्यावर आडवं ठेवलेलं एक साधं यंत्र, गळाला ओढ लागली की त्यावरचं छोटं निशाण टपकन उभं राहतं. मग धावाधाव, हातानं दोरी ओढणं, आणि भोकातून वर येणारं बदकाच्या चोचीसारखं चपटं, दातेरी तोंड. हा नॉर्दर्न पाइक. दबा धरून बसणारा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. शेवटी वजनकाटा, मोजपट्टी आणि फोटो.

भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या कंपनी बसमध्ये अर्धा तास काढायला हे व्हिडिओ चांगले. आवाज बंद ठेवला तरी सगळं कळतं. पण त्यांच्याकडे एक कथाप्रकार म्हणून पाहिलं तर एक अडचण दिसते. या कथेत तीनच गोष्टी असतात : एक माणूस, एक मासा आणि एक आकडा. तळं नसतं. म्हणजे चित्रात असतं, पण पांढऱ्या पार्श्वभूमीसारखं. त्या तळ्यात आणखी काय जगतं, पाणी कुठून येतं, गेल्या वर्षी किती मासे होते, यातलं काही कथेला लागत नाही. आकडा मोठा असला की कथा यशस्वी.

हा दोष मोबाइलनं आणलेला नाही, तो फार जुना आहे. जर्मनीतल्या हाइलब्रॉनजवळ १४९७ साली एक पाइक सापडल्याची आख्यायिका आहे. त्याच्या अंगात एक कडी होती आणि तिच्यावर ग्रीक मजकूर कोरलेला होता, की सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं हा मासा १२३० मध्ये तळ्यात सोडला. म्हणजे माशाचं वय २६७ वर्षं! लांबी म्हणे १९ फूट. त्याचा सांगाडा मानहाइमला जपून ठेवला होता. पुढे जाणकारांनी मणके तपासले, तर ते एका माशाचे असणं शक्यच नव्हतं. अनेक माशांचे मणके जोडून एक मोठा मासा बनवला होता. मोठ्या माशाच्या कथेवरची याहून नेमकी टीका मला माहीत नाही. आकडा मोठा करायचा तर इतर माशांना त्यात विरघळवावं लागतं.

सांतियागोचा हिशेब

मराठी वाचकाला मोठ्या माशाची गोष्ट म्हटलं की बहुधा एकच पुस्तक आठवतं. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी १९५२ साली आली. पु. ल. देशपांडे यांनी तिचा अनुवाद केला तो 'एका कोळियाने'. या शीर्षकात एक खट्याळ श्लेष आहे. मराठीत कोळी म्हणजे मासे धरणारा आणि जाळं विणणारा किडाही. शीर्षक वाचताच शाळेतली ती कविता आठवते, पुन्हा पुन्हा पडून पुन्हा वर चढणाऱ्या कोळ्याची. एका शब्दात पु.लं.नी क्यूबातल्या म्हाताऱ्याला मराठी घरात आणून बसवलं.

पण या श्लेषाची किंमतही मोजावी लागते. कवितेतला कोळी म्हणजे चिकाटीचा धडा. शीर्षकानं तो धडा आधीच हातात दिल्यावर आपण पुस्तकही तसंच वाचतो : प्रयत्न सोडू नका, हरलात तरी जिंकलात. वर्गाच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं. दुसरं म्हणजे, कोळी हा आपल्याकडे एकट्या माणसाला लावायचा शब्द नाही. तो एक समाज आहे. होडीवर तांडेल असतो, खलाशी असतात, किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बाया असतात. नदीवरच्या भोयांचंही तसंच. त्यांच्या दृष्टीनं एक प्रचंड मासा ही कौतुकाची गोष्ट असेल, पण घर चालतं ते टोपलीभर लहान मासळीवर. 'एका कोळियाने' मधला 'एका' हा शब्द म्हणूनच आपल्या पाण्यावर थोडा परका वाटतो.

गंमत अशी, की खुद्द कादंबरी त्या सुविचारापेक्षा हुशार आहे. ८४ दिवस मासा न मिळालेला सांतियागो मार्लिन पकडल्यावर लगेच हिशेब करतो : वजन किती भरेल, साफ केल्यावर किती उरेल, पौंडाला काय दर येईल. त्याआधी त्याला वेगळाच प्रश्न पडलेला असतो, की या माशानं किती जणांचं पोट भरेल आणि ते लोक हा मासा खाण्याच्या लायकीचे आहेत का. शेवटी शार्क सगळं मांस ओरबाडून नेतात आणि किनाऱ्याला उरतो होडीपेक्षाही लांब, अठरा फुटी सांगाडा. तो पाहून एक पर्यटक बाई त्याला शार्कच समजते. हेमिंग्वेनं तिथे आपल्यासारख्या प्रेक्षकालाच पकडलं आहे. दुरून फक्त आकार पाहणाऱ्याला कोणी कोणाला खाल्लं हेसुद्धा कळत नाही.

कॉर्बेटची अट

वाघांमुळे ओळखला जाणारा जिम कॉर्बेट मासेमारीवरही लिहितो. १९४४ च्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' मध्ये नरभक्षकांच्या गोष्टींच्या मधोमध महसीर माशावर एक प्रकरण आहे. नाव आहे स्वप्नातल्या माशाचं, पण त्याचा बराचसा जीव नदीकाठच्या वर्णनात आहे. कॉर्बेट म्हणतो त्याचा आशय असा : भोवताल रुक्ष असेल तर स्वप्नातला मासा मिळूनही आनंद नाही, टेनिसपटूला सहारा वाळवंटात डेव्हिस कप जिंकून जेवढा होईल तेवढाच.

यात साहेबी चैन आहे, हे खरं. ज्याला रात्रीच्या भाकरीबरोबर मासा हवा त्याला भोवतालाची अट घालता येत नाही. तरीही कॉर्बेटनं कथेत चौथं पात्र आणलं, ते म्हणजे नदी. बर्फावरच्या व्हिडिओत आणि हाइलब्रॉनच्या थापेत तेच नाही. आणि ते एकदा आणलं, की आपल्याला आपल्या नदीकडे पाहावंच लागतं.

इथला मोठा मासा

पिंपरी-चिंचवडच्या पोटातून पवना वाहते आणि दापोडीला मुळेला मिळते. उत्तरेला इंद्रायणी आहे. लोणावळ्याकडून येऊन देहू, मोशी, आळंदी करत ती तुळापूरला भीमेत जाते. या पट्ट्यातला मोठा मासा म्हणजे महसीर, दख्खनचा निळसर परांचा महसीर. त्याचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून.

त्या नावातलं 'खुद्री' लॅटिन नाही. साइक्सनं दख्खनच्या माशांना नावं देताना लोकांच्या तोंडचे शब्द कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरवले आणि लॅटिनच्या शेजारी बसवले. खुद्री, कोळस, शिंगटी ही नावं आज जगभरच्या प्रयोगशाळांत उच्चारली जातात. पुढे १९५२ मध्ये कुलकर्णी या मराठी शास्त्रज्ञांनी इतर माशांची खवलं खाणाऱ्या एका माशाचं नाव थेट 'खवलचोर' ठेवलं. ज्या कोणी अनाम भोयानं साइक्सला मासा दाखवून नाव सांगितलं, त्याचं ते वाक्य मी मराठीतल्या निसर्गलेखनाच्या सुरुवातीला ठेवीन. त्यात वजन नाही, फुशारकी नाही. 'याला आम्ही हे म्हणतो' एवढंच आहे. कोणत्याही चांगल्या कथेची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी परंपरा न पकडण्याची. देहू-आळंदीच्या डोहातले मासे मारायचे नाहीत, ही जुनी चाल. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीतले मासेही देवीचे म्हणून राखलेले. तुकोबांची गाथा ज्या इंद्रायणीत बुडवली आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे तेरा दिवसांनी तरली, तिच्याच डोहातले हे मासे. लोक त्यांना मोजत नव्हते, फुटाणे टाकत होते. इथे मोठा मासा होता, पण त्याच्या बाजूला उभा राहून फोटो काढणारा वीर नव्हता.

आता त्याच नदीवर पांढरा थर दिसतो. बर्फाचा नाही, फेसाचा. वारीच्या दिवसांत आळंदीत फेसाळलेल्या पाण्यात उतरलेले वारकरी, ही बातमी आता नेहमीची झाली आहे. घराघरांतलं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, साबण-डिटर्जंटमधली रसायनं, कारखान्यांमधून निसटणारं पाणी, या सगळ्यांचा तो फेस. गोठलेल्या तळ्यावर बर्फाचा आणि हिमाचा थर फार काळ राहिला, उजेड आत गेला नाही, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खालचे मासे मरतात. तिथे निदान वसंत येतो आणि थर वितळतो. महसीरला तर वाहतं, स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि तळाशी गोटे लागतात. फेसाखाली त्याच्यासाठी वसंत येत नाही.

उगमाकडची पेटी

आणि तरीही, याच नदीच्या उगमाकडे महसीरची एक यशकथा घडली. लोणावळ्याला इंद्रायणीवर वळवणचं धरण आहे, टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधलेलं. तिथे १९७० च्या दशकात खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. त्यामागे खवलचोरवाले तेच सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले होते. माशाची अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानं पाठवता येतात, हे त्यांनी दाखवलं. पिल्लं अनेक राज्यांत गेली. नष्ट होत चाललेला मासा पुन्हा नद्यांत सोडायचा, हा हेतू निर्मळ होता.

त्यातली काही कावेरीत पोचली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, कित्येक पटींनी मोठा होणारा. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंजेन या शिकाऱ्यानं १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाला लावला होता. पुढे कावेरीकाठच्या कॅम्पमध्ये मासा पकडून, वजन करून सोडून देण्याची पद्धत आली आणि नोंदवह्या साठत गेल्या. २०१५ मध्ये संशोधकांनी त्या नोंदी तपासल्या. निळ्या परांचे, मूळचे बाहेरचे मासे वाढत होते. कुबडवाले कमी होत होते. आणि जे मिळत होते ते आकारानं मोठमोठे होते.

इथे थांबून ही ओळ पुन्हा वाचायला हवी. मासे कमी आणि प्रत्येक मासा मोठा. गळ टाकणाऱ्याला तो आयुष्यातला सर्वोत्तम दिवस वाटला असेल. प्रत्यक्षात लहान मासे येणंच थांबलं होतं. नदीत फक्त म्हातारे उरले होते. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, या कुबडवाल्या माशाला टोर रेमादेवी हे नाव निश्चित झालं आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. आपला खुद्री मात्र यादीत 'कमी चिंतेचा' ठरला. यादीतली चिंता कमी झाली म्हणून मोशीच्या पुलाखालची झाली, असं मात्र नाही.

मोठ्या माशाच्या कथेवरचा माझा आक्षेप इथे अधिक गुंतागुंतीचा होतो. आकड्यानं जे लपवलं ते उघडही आकड्यानंच केलं. एकेका फोटोतलं वजन खोटं सांगत होतं, पंधरा वर्षांच्या वह्यांमधली वजनं एकत्र वाचली तेव्हा खरं बोलली. म्हणजे वजनकाटा फेकून द्यायची गरज नाही. एका माशाच्या शेजारी बाकीचे मासे ठेवून वाचायची गरज आहे. हाइलब्रॉनवाल्यांनी केलं त्याच्या नेमकं उलट.

हे वाचन या पट्ट्यातल्या तरुणांना अवघड जाऊ नये. शिफ्टचा आकडा विक्रमी आला म्हणून मशिन ठीक आहे असं इथे कोणी धरत नाही. महिनाभराचा तक्ता पाहतात, रिजेक्शन पाहतात, कुठला भाग कधी झिजतोय ते पाहतात. तीच नजर नदीच्या गोष्टीवर वापरायची आहे.

मराठीत इंद्रायणीवर भक्तीचं लेखन विपुल आहे आणि प्रदूषणाच्या बातम्याही. या दोन्हींच्या मध्ये माशाच्या बाजूनं सांगितलेली, नावं ठाऊक असलेली गोष्ट मला दिसत नाही. वळवणहून निघून मोशीपर्यंत पोचू न शकणाऱ्या माशाची, त्याचं नाव आजही सांगू शकणाऱ्या भोई आजोबांची, आणि ते नाव ज्याला कोणी सांगितलंच नाही अशा चिखलीतल्या मुलाची. सामग्री सगळी इथेच पडलेली आहे.

तोवर पुढच्या वेळी कोणी मोठा मासा हातात धरून स्क्रीनवर हसला, तर व्हिडिओ जरूर पाहा. फक्त मोजपट्टी लावून झाल्यावर एक प्रश्न विचारा : याच पाण्यातला लहान मासा शेवटचा कधी दिसला होता?