पथ्याचा ‘मी’ आणि घरातली चूल : ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाचे पुनर्वाचन

बीजसंज्ञा : दीर्घकालीन आजार, आत्मकथन, पथ्य, स्वव्यवस्थापन, कुटुंब

प्रस्तावना

मराठी भाषेत आजारपणासाठी शब्दांची वाण नाही. रोग, आजार, दुखणे, व्याधी, पीडा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, परंतु त्यांच्या अर्थच्छटा सारख्या नाहीत. डॉक्टर तपासून ठरवतो तो रोग आणि माणूस रोज भोगतो ते दुखणे. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८८ मध्ये ‘द इलनेस नॅरेटिव्हज’ या ग्रंथात हाच भेद केंद्रस्थानी ठेवून रुग्णांच्या कहाण्या वाचल्या. मराठी बोलीला तो भेद ठाऊक होता. मराठी साहित्यसमीक्षेने मात्र त्याचा फारसा उपयोग करून घेतलेला नाही.

आपल्या परंपरेत आजाराचे वर्णन विपुल आहे. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचा जो समास आहे त्यात समर्थांनी देहाच्या व्याधींची लांबलचक यादीच दिली आहे. पण ती यादी श्रोत्याला देहाविषयी विरक्ती यावी म्हणून आहे. त्या व्याधींसह उद्याचा दिवस कसा काढावा, हा तिचा प्रश्न नव्हे. आधुनिक कथाकादंबरीतही आजार पुष्कळदा कथानकाच्या सोयीसाठी येतो. क्षय होतो, नायिका खंगते, मरते. जो आजार मारत नाही आणि बराही होत नाही, त्याला कथानकात जागा मिळणे कठीण असते, कारण त्यात शेवट नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा, हृदयरोग हे असे शेवट नसलेले आजार होत.

या पार्श्वभूमीवर डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेले आणि राजहंस प्रकाशनाने काढलेले हे पुस्तक मराठी मध्यमवर्गाने केवळ वाचले नाही, तर वापरले. साठीच्या भेटीत, बायपासनंतरच्या भेटीत ते दिले गेले. अशा पुस्तकाचे मूल्यमापन बहुधा ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणावर थांबते. प्रस्तुत लेखात त्या विशेषणाच्या पलीकडे जाऊन, या आत्मकथनातील ‘मी’ कोण आहे आणि त्याच्या पथ्याचा भार कोणाकोणावर पडतो, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वैद्य आणि रुग्ण एकाच देहात

लेखकाची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. ज्येष्ठ गांधीवादी ठाकुरदास बंग यांचे ते पुत्र. बालपण वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात गेले. १९८६ पासून डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत त्यांचे आरोग्यकार्य सुरू आहे. अशा माणसाला १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास हृदयविकाराचा झटका येतो. इतरांच्या आरोग्याचे प्रश्न सोडवणारा स्वतःच खाटेवर येतो, ही घटना मुळातच नाट्यपूर्ण आहे, आणि लेखकाने ते नाट्य संयमाने हाताळले आहे.

टाल्कट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘रुग्णाची भूमिका’ अशी संकल्पना मांडली होती. आजारी माणसाला नेहमीच्या कामांतून सूट मिळते आणि आजाराचा दोष त्याला दिला जात नाही; मोबदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरावी आणि जाणकाराचा सल्ला मानावा, एवढी अपेक्षा असते. हा करार तापाला लागू पडतो, जुनाट आजाराला नाही. तिथे सूट कायमची मिळत नाही आणि दोषमुक्ती तर मुळीच नाही. आपल्याकडचा ‘कुपथ्य’ हा शब्दच पाहावा. साखर वाढली की घरातले पहिले वाक्य उपचाराविषयी नसते, ‘काय खाल्लंत?’ हे असते.

बंग यांच्या पुस्तकाचे वेगळेपण असे की हा दोष ते स्वतःहून पत्करतात. हा रोग मलाच का झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ते धमन्यांपाशी थांबत नाहीत. घाई, राग, ताण, महत्त्वाकांक्षा, व्यायामाचा अभाव अशा आपल्याच जगण्याच्या थरांपर्यंत जातात. आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ या ग्रंथात आजारकथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत बरे झाल्याची कथा, विस्कटून गेलेल्याची कथा आणि शोधयात्रेची कथा. (फ्रँक यांनाही ऐन एकोणचाळिशीत हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे.) बंग यांचे कथन उघडच तिसऱ्या प्रकारात मोडते, शीर्षकातील ‘साक्षात्कारी’ हे विशेषण ते जाहीरच करते. रोग हा गुरू ठरतो. आत्मपरीक्षणाची गांधी-विनोबांची रीत आणि आधुनिक हृदयविज्ञान यांची सांधेजोड मराठीत याआधी इतक्या सहजतेने झालेली नव्हती. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. आहार हा नैतिक आचरणाचा भाग मानण्याची ती परंपरा बंग यांच्या पानापानांतून जाणवते.

तथापि इथेच एक अडचण उभी राहते. रोग जर माझ्या जगण्यातून आला असेल तर तो हटवणेही माझ्याच हाती आहे, हे तर्कदृष्ट्या ओघाने येते. ज्याचा आजार हटत नाही अशा वाचकाने मग काय समजावे? त्याची साधना कमी पडली? लेखकाने तसे म्हटलेले नाही, पण पुस्तकाच्या वापरातून हा अर्थ निघत राहिला आहे. संधिवाताच्या रुग्णाला, जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलाच्या आईला, लहानपणीच इन्सुलिनवर गेलेल्या मुलीला साक्षात्काराची ही भाषा दिलासा देईलच असे नाही. टाइप-१ मधुमेह कोणाच्या रागातून किंवा घाईतून येत नाही.

ऑर्निश यांचा प्रयोग आणि गळालेला गट

पुस्तकाच्या वैज्ञानिक बाजूचा मोठा आधार म्हणजे डॉ. डीन ऑर्निश यांचे कार्य. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अतिअल्प स्निग्धांशाचा शाकाहार, धूम्रपानबंदी, मध्यम व्यायाम, ताणनियोजन आणि गटाचा आधार अशा पाच गोष्टी एकत्र होत्या. वर्षभरानंतर प्रयोगगटात धमन्यांतील अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, तर तुलनेच्या गटात तो ४२.७ वरून ४६.१ टक्क्यांवर गेला. प्रयोगाअखेर उपलब्ध असलेले रुग्ण दोन्ही गट मिळून पन्नासही नव्हते. निष्कर्ष आशादायक होते यात शंका नाही. मात्र ‘हृदयरोग परतवता येतो’ या वाक्याचा जो गजर पुढे झाला त्यामानाने हे आकडे नम्र आहेत.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पाचव्या गोष्टीचा आहे. ऑर्निश यांच्या प्रयोगात रुग्ण ठरावीक दिवशी एकत्र बसत, बोलत, एकमेकांना धरून ठेवत. मराठी वाचकाने या कार्यक्रमातून तेल वगळले, चालणे उचलले, शवासन आणि ध्यान उचलले. गट मात्र बाजूला राहिला. याचे एक कारण आत्मकथन या वाङ्मयप्रकारातच आहे. आत्मकथन एका व्यक्तीच्या निश्चयाची गोष्ट सांगते, आणि वाचक तो निश्चयच आपल्या घरी नेतो. गटाची गोष्ट ‘मी’ने सांगणे अवघड असते.

चुलीपाशी

वर्गात हे पुस्तक चर्चेला घेतले असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, बिनतेलाची भाजी रोज करायची कोणी?’ वर्ग हसला. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९८८ मध्ये ‘अनएंडिंग वर्क अँड केअर’ या ग्रंथात दीर्घकालीन आजार हे काम आहे अशी मांडणी केली. औषधोपचाराचे काम, रोजच्या संसाराचे काम आणि आपले मोडलेले चरित्र पुन्हा जुळवण्याचे काम, अशी त्याची तीन अंगे होत. बंग यांच्या पुस्तकात तिसरे काम अत्यंत समृद्ध आहे आणि पहिलेही तपशिलाने येते. पुस्तक घराघरात पोहोचल्यावर दुसरे काम कोणाच्या अंगावर पडले, हा प्रश्न पुस्तकापेक्षा त्याच्या वाचकसमाजाला अधिक लागू आहे. मराठी घरात पुरुषाला हृदयरोग झाला की घराचा स्वयंपाक बदलतो. बाईला मधुमेह झाला की घरासाठी नेहमीचा स्वयंपाक होतो आणि तिचे पथ्य उरल्यासुरल्या वेळात वेगळे शिजते, किंवा शिजतच नाही. पहाटेची तासभराची फेरी पुरुषाच्या बाबतीत ‘उपचार’ असते. बाईच्या बाबतीत तिला आधी डबे भरावे लागतात. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत मुख्यतः बायकांविषयीच का ऐकू येतो, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे.

या संदर्भात नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाशी तुलना उद्बोधक ठरते. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेली ही मुलगी पुढे कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था १९८४ मध्ये उभी करते. पक्षाघात आणि हृदयरोग यांची सरसकट तुलना अर्थातच करता येत नाही. परंतु हुरजूक यांच्याकडे शरीर जिंकायचे नसते, त्याच्याशी रोज व्यवहार करायचा असतो. मज्जारज्जूच्या अशा आघातात मूत्रविसर्जनावरचे नियंत्रण जाते, एकाच जागी बसून दाबाच्या जखमा होतात. त्यामुळे पाणी किती आणि केव्हा प्यावे, शौचालयाला पायऱ्या किती, उचलणारे हात कोणाचे, हेच आरोग्याचे व्यवस्थापन ठरते. त्यातून जी जाणीव येते तिचे रूप साक्षात्काराचे नसून उताराच्या वाटेचे, रुंद दाराचे, वसतिगृहाचे आहे. ‘मी’ची गोष्ट तिथे लवकरच ‘आम्ही’ची होते. समीक्षकांनी या पुस्तकाला सामाजिक कार्याच्या खणात टाकले आणि आजारकथन म्हणून वाचले नाही, हे योग्य झाले नाही असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

गडचिरोलीचे दुसरे हृदय

बंग यांना केवळ व्यक्तिवादी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांचे सार्वजनिक कार्य नेमके उलट दिशेचे आहे. दारू आणि तंबाखू यांकडे त्यांनी व्यक्तीच्या दुर्गुणापेक्षा जिल्ह्याचा प्रश्न म्हणून पाहिले. ‘सर्च’च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांचा जो अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघाताचा झटका हे होते. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के त्याने झाले होते. म्हणजे ज्या रक्तवाहिन्यांच्या विकाराला आपण शहरी, सुखवस्तू जीवनाचे फळ समजत होतो, तो धानाच्या शेतात राबणाऱ्यांच्या घरी केव्हाच पोहोचला होता.

या माणसाला चालायला सांगून काय उपयोग? तो आयुष्यभर चालतच आला आहे. त्याला हवी आहे रक्तदाब मोजणारी जवळची व्यक्ती, आणि महिनाअखेरीस संपणार नाही अशी गोळी. पुस्तकातील ‘मी’ आणि त्याच लेखकाच्या संस्थेने मोजलेला हा ‘तो’ यांच्यातील अंतर हा या पुनर्वाचनाचा कळीचा मुद्दा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या मोठ्या समूहाचे दुखणे एका आत्मकथनाने पेलावे अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. प्रश्न उरतो तो दुसरी कथने का नाहीत हा.

ती अजिबात नाहीत असेही नव्हे. मधुमेही माणसे तारीखवार साखरेची वही ठेवतात : उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा, कोपऱ्यात ‘लग्नाला गेलो’, ‘ताप’, ‘गोळी संपली’ अशी नोंद. फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिनची कुपी पाण्याच्या माठात किंवा ओल्या कापडाआड ठेवणारी बाई तिच्या मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत असेच आकडे उतरवते. लीळाचरित्रापासून बखरींपर्यंत आणि पत्रांपासून रोजनिश्यांपर्यंत सर्व प्रकारच्या नोंदींना वाङ्मय म्हणून वाचण्याची सवय मराठी अभ्यासकांना आहे. या वह्या मात्र अजून दवाखान्याच्या टेबलावरच उघडल्या जातात, आणि तिथेही डॉक्टर फक्त शेवटचे पान पाहतात.